'हराम' एवढं म्हणून भागत नाही

9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यात भंडाऱ्याचंही नाव होतं. आमच्या वरठीसारख्या गावासाठी ही मोठी गोष्ट आहे. डॉक्टर व्हायचं म्हणजे भंडारा रोड स्टेशनवरून नागपूरची गाडी पकडायची, एवढंच आजवर ठाऊक होतं. मुस्लिम घरांतली मुलंमुली आता एमबीबीएस, बीयूएमएस, फार्मसी, नर्सिंगकडे वळताहेत. याचा आनंद आहेच. पण यातलं कुणी शिकता शिकता दारूत, झोपेच्या गोळ्यांत किंवा वेदनाशामक इंजेक्शनांत अडकलं, तर आपण काय करतो?

लपवतो. घरात अम्मी रडते, अब्बू बोलणं टाकतात. कुणी ताविज सुचवतं, कुणी म्हणतं निकाह लावून द्या, सुधारेल. मुलगी असेल तर तिच्याबद्दल बोलायचीही सोय नाही. आणि हॉस्टेलवर तो विद्यार्थी एकटाच असतो.

आरोग्यक्षेत्रातल्या मुलांचा धोका थोडा वेगळा आहे. रात्रपाळ्या, परीक्षा, डोळ्यांसमोरचे मृत्यू हे सगळं वयाच्या विशीत सुरू होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने 2024 मध्ये दिलेल्या अहवालात 27.8 टक्के पदवी विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं होतं. त्यात औषधं हाताशी असतात आणि 'मला डोस कळतो' हा विश्वासही असतो. नशेची सुरुवात अनेकदा मजेतून होत नाही, झोप लागावी किंवा जाग राहावी म्हणून होते.

'पण इस्लाममध्ये नशा हराम आहे.' आहे, त्यावर वादच नाही. पण ती बंदी कशी आली तेही आठवूया. आधी सांगितलं गेलं की दारूत फायद्यापेक्षा गुनाह मोठा आहे. मग नशेत नमाजजवळ जाऊ नका असं सांगितलं आणि शेवटी पूर्ण मनाई झाली. माणसाला सवय सोडायला वेळ लागतो, हे तिथे गृहीत धरलेलं दिसतं. सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. वारंवार दारू प्यायलेल्या एका माणसाला शिक्षा झाली, तेव्हा कुणीतरी त्याला शाप दिला. पैगंबरांनी (स.) शाप देणाऱ्याला रोखलं. तो माणूस अल्लाह आणि रसूलवर प्रेम करतो, असं ते म्हणाले. कृत्य चूक ठरलं, पण माणूस जमातीबाहेर गेला नाही. आपण मात्र नेमकं तेच करतो, त्याला बाहेर काढतो.

कायदाही आपल्यापेक्षा उदार आहे. एनडीपीएस कायदा, 1985 च्या कलम 64-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या अमली पदार्थाच्या गुन्ह्यात सापडलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींना आजारात धरतो आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. राहिला वर्ष वाया जाण्याचा प्रश्न. एमबीबीएस पूर्ण करायला प्रवेशापासून नऊ वर्षांची मुदत आहे. उपचारासाठी सहा महिने थांबल्याने कुणाचं करिअर बुडत नाही.

'असा डॉक्टर रुग्णांच्या जिवाशी खेळेल', हा आक्षेप मात्र गंभीर आहे. नशेत असलेल्याने वॉर्डात पाऊल ठेवता कामा नये, यात तडजोड नाही. पण रुग्णाला खरा धोका लपलेल्या व्यसनाचा असतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर कोसळला की दोषी शोधून झापणाऱ्या टीममध्ये पुढच्या वेळी बिघाड उशिरा कळतो, कारण सगळे आधी तो झाकतात. इथेही तसंच आहे. अमेरिकेत व्यसनी डॉक्टरांना कामावरून थांबवून उपचार देतात आणि नंतर कित्येक वर्षं नियमित तपासणी करतात. अशा 904 डॉक्टरांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनंतर त्यांच्यातले बहुसंख्य परवान्यासह काम करत होते. उपचार आणि देखरेख एकत्र असेल तर माणूस परत येतो. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं मुक्तांगणही हेच दाखवतं.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. महाविद्यालयांनी समुपदेशक शिस्तपालन समितीपासून पूर्ण वेगळा ठेवावा. मदत मागणाऱ्याचं नाव पुढे जाणार नाही आणि उपचारानंतर त्याची जागा राहील, हे प्रवेशाच्या दिवशीच लेखी द्यावं. भंडाऱ्याचं महाविद्यालय नवं आहे, तिथे ही पद्धत लवकर रुजवणं सोपं आहे. दुसरं, समाजाच्या ज्या ट्रस्ट शिष्यवृत्ती देतात, त्यांनी उपचारासाठी थांबलेल्याची मदत तोडू नये. तिसरं काम आपलं, म्हणजे मित्रांचं. रूममेट बदललेला दिसला तर वर्गाच्या ग्रुपवर चर्चा नको. त्याच्याशी एकट्यात बोला, सोबत ओपीडीत जा. टेलि-मानसचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे दोन्ही नंबर फोनमध्ये ठेवा. दारू पिणारा अचानक दारू बंद करून आजारी पडला, थरथरायला किंवा बडबडायला लागला, तर खोलीत कोंडू नका, सरळ इस्पितळात न्या. ते जिवावर बेतू शकतं.

मोहल्ल्यातला मुलगा डॉक्टर झाला की आपण हार घालतो. तो अडखळला की त्याचा हात धरायलाही तेवढीच माणसं हवीत.