दहापट खर्च आणि ‘मोफत’ प्रवेश

लोकशाहीच्या वास्तूंचे गोडवे गाणाऱ्यांनी स्कॉटलंडच्या संसदभवनाचा हिशेब एकदा मुळातून तपासावा. जुलै १९९७ च्या श्वेतपत्रिकेत खर्चाचा अंदाज १ ते ४ कोटी पौंड होता. सप्टेंबरात जनतेने सार्वमत दिले, ते याच श्वेतपत्रिकेवर. ऑक्टोबर २००४ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते उद्घाटन झाले, तोवर नियोजित मुदत उलटून तीन वर्षे गेली होती आणि खर्च पोहोचला होता ४१ कोटींच्या पुढे!

वास्तुविशारद एन्रिक मिरालेस आणि प्रथम मंत्री डोनाल्ड ड्यूअर हे दोघेही २००० मध्येच निवर्तले. दिवंगतांच्या माथी खापर फोडणे सोयीचे असते. परंतु लॉर्ड फ्रेझर यांच्या चौकशी अहवालाने बोट ठेवले ते कंत्राटपद्धतीवर. आराखडे पूर्ण होण्याआधीच कामाचे तुकडे पाडून ते निरनिराळ्या कंत्राटदारांना द्यायचे आणि वाढीव खर्चाची जोखीम मालकाने सोसायची, अशी ही पद्धत. येथे मालक म्हणजे करदाता. त्याला कोण विचारणार? एवढ्या गंभीर निर्णयाला मंत्र्यांचीही संमती घेतली गेली नव्हती.

समर्थक सांगतात, भवनात सर्वांना विनामूल्य प्रवेश आहे, प्रेक्षक सज्जात बसून कामकाज पाहता येते. ज्याच्या पैशाने घर उभे राहिले, त्यालाच दार उघडले, यात उपकार तो कसला? शिवाय त्या दारापाशीही २०१३ मध्ये सुरक्षा तपासणीचे नवे दालन उभे राहिले. त्याचा खर्च सुमारे ६५ लाख पौंड. तोही करदात्याच्याच खिशातून.