काकांची वेब्ली

दसऱ्याला इंझोरीला गेलो होतो. शस्त्रपूजेच्या पाटावर यंदाही आजोबांची .३२ वेब्ली अँड स्कॉट होती, आता काकांच्या परवान्यावर. शेजारी चुलतभावाची कानपूरची नवी .३२.

भाऊ म्हणाला, "काका, जुनीला पॉलिश मारून नवं ब्ल्यूइंग करून घेऊ."

काका म्हणाले, "रंग गेला तं जाऊ दे बापू, खाच शाबूत हाय ना?"

मला काकांचंच पटलं. वेब्लीची नेम धरायची मागची खाच नळीच्या खटक्यावरच असते. खटका झिजून ढिला झाला, की नेमही हलतो. बघायचं ते हे! चकाकीचं काय? पॉलिशच्या चाकाखाली कडा गोल होतात, नळीवरची अक्षरं पुसट होतात. ती परत येत नाहीत.

'जुनं ते सोनं' असंही मी म्हणणार नाही. १९३९-४५ च्या युद्धात घाईत बनलेल्या .३८ वेब्लींवर कारखान्यानेच 'वॉर फिनिश' असा शिक्का मारला होता. पॉलिशला वेळच नव्हता! आणि कानपूरच्या .३२ चा साचाही मुळात वेब्लीचाच.

असो. नळीच्या टोकाचा रंग आजोबांच्या कमरेच्या चामडी म्यानाने उडालाय. तो लपवायचा कशाला? तुम्ही काय केलं असतं?