गाळलेलं पाणी आणि चोरीची विंडोज



आज विषय स्वयंपाकघराचा नाही, हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचा आहे. तो आपला प्रांत नाही, मुलं बघतील, घरातली पुरुषमंडळी बघतील, असं आपण वर्षानुवर्षं धरून चाललो. पण घरात काय येतं आणि कुठून येतं, याची चौकशी करणं हे श्राविकेचंच काम. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका आपणच शोधतो, चॉकलेटमध्ये जिलेटिन आहे का ते आपणच वाचतो. मग या डब्यात काय भरलंय ते कोण वाचणार?

आपल्यातल्या कितीतरी घरांत त्यात चोरीचा माल भरलाय. शब्द कडक आहे, पण मला दुसरा सापडत नाही. कॉम्प्युटर जुळवून घेतला, दुकानदार म्हणाला, "विंडोज टाकून देतो, दोन-तीनशे द्या." ते पैसे त्याच्या हमालीचे. ज्यांची वस्तू आहे त्यांना त्यातला एक रुपयाही जात नाही. ती चालावी म्हणून 'क्रॅक' टाकतात, आणि क्रॅक टाकण्याआधी बहुतेक वेळा अँटिव्हायरस बंद करतात. म्हणजे राखणदाराला झोपवायचं आणि मग दार उघडायचं. त्याच कॉम्प्युटरवर आपण पुढे बँकेचा पासवर्ड टाकतो!

यावर दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, सगळेच करतात. दुसरं, त्या अमेरिकेच्या कंपनीला काय कमी आहे? पहिल्याला उत्तर द्यायची गरज नाही. सगळे तर रात्रीही जेवतात. दुसऱ्याचं उत्तर पाठशाळेतलं पोरसुद्धा देईल. अदत्तादान म्हणजे न दिलेलं घेणं. मालक गरीब की श्रीमंत हा प्रश्न त्यात येतच नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत तदाहृतादान आहे, म्हणजे दुसऱ्याने चोरून आणलेलं आपण घेणं. आणि प्रतिरूपकव्यवहारही आहे, म्हणजे अस्सलच्या जागी नकली चालवणं. दोन-तीनशेची विंडोज दोन्हींत नीट बसते.

भाजीत बटाट्याची फोड दिसली तर ताट बाजूला सारणारी घरं मला माहीत आहेत. त्याच घरांत दशलक्षण पर्वाची पत्रिका चोरीच्या विंडोजवर, चोरीच्या फोटोशॉपमध्ये, चोरीच्या फाँटात तयार होते आणि वर ठळक अक्षरांत 'उत्तम शौच' छापलं जातं. मला याचं हसू येत नाही.

लॅपटॉपबरोबर कंपनीची विंडोज रीतसर आली असेल तर हा दोष तुम्हाला लागत नाही. तुमच्यापुढे वेगळा प्रश्न आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला नेहमीचा आधार देणं थांबवलं. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या अपडेटसाठी एक वर्षाची मुदतवाढ दिली, एवढंच. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि यादीत बसणारा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे २०१६-१७ चे धडधाकट कॉम्प्युटर एका फटक्यात 'जुने' झाले. दुकानात सल्ला मिळतो, "भंगारात द्या, नवा घ्या."

परिग्रहपरिमाण घेतलेल्या बाईने इथे थांबून विचार करायला हवा. चालणारी वस्तू टाकायची आणि तिच्या जागी तशीच दुसरी आणायची, यात हिंसा आहे आणि तिला कारणसुद्धा नाही. अनर्थदंड यालाच म्हणतात. भंगारात गेलेला बोर्ड कुठे जातो? दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत तो जाळतात, ॲसिडमध्ये बुडवून त्यातलं तांबं नि सोनं काढतात. उरलेलं पाणी नाल्यात, धूर तिथल्या बायापोरांच्या छातीत. पाणी गाळून झाल्यावर गाळण्यातले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत सोडायचे, हे आपल्या आज्यांचं वळण होतं.

आता यावरचा उपाय. विंडोजच हवी असेल आणि कॉम्प्युटर तिला चालत असेल तर पैसे मोजून घ्या, त्यात काही वावगं नाही. नाहीतर लिनक्स घ्या. लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याची सुरुवात केली, आणि त्याच्या परवान्यातच लिहिलंय की वापरा, नक्कल करा, दुसऱ्याला द्या. हे दिलेलं आहे, दत्त आहे. क्रॅक नको, चोरून काही नको.

"फुकट म्हणजे हलकं असणार," असं आमच्याकडेही ऐकलंय. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात, तेही विनामूल्य. दिवाणखान्याचे पडदे महाग असले तरच चांगले, असं मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

घरासाठी लिनक्स मिंट बरं. दिसायला विंडोजसारखंच, खाली डावीकडे मेनू असतो. चार जीबी रॅम असली की घरचं काम भागतं. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते घालून घ्या आणि आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. जुन्या विंडोजला तोपर्यंत धक्का लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर त्याच वेळी तपासा. मन भरलं तरच कायमचं टाका, आणि त्याआधी फोटो नि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. ही पायरी कोणीही गाळू नये.

वर्ड-एक्सेलच्या फायली लिबरऑफिसमध्ये उघडतात, क्वचित मांडणी थोडी हलते. पत्रिकेसाठी इंकस्केप आहे. फाँट हवेत तर मुंबईच्या एक टाइपने केलेले 'मुक्त' आणि 'बालू' खुल्या परवान्याचे आहेत, सुबकही आहेत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातला मजकूर मात्र बदलून घ्यावा लागेल, आणि ते काम कंटाळवाणं आहे.

दुकानाचं टॅली ज्या कॉम्प्युटरवर आहे त्याला हात लावू नका. ते लिनक्सवर सरळ चालत नाही. फक्त तिथली विंडोज पावतीची आहे का, एवढं यजमानांना विचारा. दोन दिवस घरात धुसफूस होईल. कंदमूळ बंद केलं तेव्हाही झाली होती.

पेनड्राइव्ह एकीने केला की दहा घरांत फिरू शकतो, परवाना तशी मुभा देतो. आमच्या गल्लीतला सध्या तिसऱ्या घरात आहे.