शिबिर उन्हाळ्यात, अर्ज २ ऑक्टोबरला



शाळेला सुट्टी लागली की इतर मुले मामाच्या गावी पळतात. ज्या घरात स्वमग्न लेकरू आहे, त्या घराला मात्र सुट्टीची धास्ती वाटते. स्वमग्नता म्हणजे डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात ती अवस्था. अशा मुलाला तीच वेळ, तीच वाट, तीच माणसे लागतात. मे महिन्यात शाळा बंद होते, दिनक्रम मोडतो आणि लेकरू सैरभैर होते. आई मजुरीला गेलेली असते. म्हातारी आजी त्याला किती सांभाळणार?

पुण्या-मुंबईत अशा मुलांची उन्हाळी शिबिरे भरतात. पण फी माफ झाली तरी तिथे राहायचे कुठे, आणि रोज किती दिवस बुडवायचा? आपला नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. जामखेडहून जिल्हा रुग्णालय सुमारे पाऊणशे किलोमीटर, अकोल्याच्या डोंगरातून तर शंभराच्या वर. आमचे मत असे की लेकराला शिबिराकडे नेण्यापेक्षा शिबिरच वस्तीत आणावे.

त्यासाठी इमारत बांधायची नाही. समाजमंदिर आहेच. सकाळी आठ ते दहा, ऊन चढायच्या आत, आसपासच्या वस्त्यांतली चार-पाच मुले. रोज त्याच क्रमाने तीच कामे: आधी काय, नंतर काय, हे चित्रे लावून भिंतीवर दाखवायचे. पाणी, वाळू, मणी ओवणे, आणि गोंगाट सोसवेना झाला तर बसायला एक शांत कोपरा. वस्तीतली बारावी झालेली एखादी मुलगी हे सांभाळू शकते. मात्र तिला आधी शिकवले पाहिजे. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना एप्रिलमध्येच गाठा, सुट्टी लागल्यावर नव्हे.

आता पैशाचे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असा शासनाचा नियम आहे. गावाचे स्वतःचे उत्पन्न चार लाख असेल तर हे वीस हजार होतात. सतरंज्या, चित्रांचे साहित्य, मुलांचा खाऊ, त्या मुलीचे महिन्याचे मानधन यांना एवढे पुष्कळ झाले. लहान गावाचा निधी तोकडा पडेल, तेव्हा शेजारच्या दोन-तीन गावांनी मिळून करावे. अनेक ठिकाणी हा पैसा वर्षअखेर घाईने वाटून टाकतात, कारण वेळेवर कोणी मागतच नाही.

मागताना दिव्यांगत्वाचा दाखला जवळ हवा. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मानले, त्यात ती आली. हा दाखला आपल्याला जातीच्या दाखल्याइतकाच जपून ठेवायचा आहे. त्यावर एस.टी.त लेकराला ७५ टक्के सवलत मिळते. आईचे तिकीट २०२३ पासून अर्धे आहेच. त्याच दाखल्यावर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, आणि त्यात थेरपीचाही खर्च धरतात. दाखला नसेल तर अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला लेकरू दाखवा.

‘महिन्यात बरे करून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र एक रुपया देऊ नका, मग तो अंगारा देवो की इंजेक्शन. स्वमग्नता औषधाने जात नाही. शिकवल्याने लेकरू पुढे जाते.

वेळेचे गणित आमच्या ऊसतोड कुटुंबांनी विशेष ध्यानात घ्यावे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची माणसे दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. गावचा पुढल्या वर्षाचा आराखडा नेमका याच काळात ठरतो. १ मेच्या ग्रामसभेत शिबिर मागायला उठाल तर पैसा आधीच वाटला गेलेला असेल. तेव्हा कोयता उचलण्याआधी, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत लेखी अर्ज द्या. मुलांची संख्या, जागा, दिवस, खर्च एवढेच लिहा, आणि इतिवृत्तात नोंद करायला लावा. २६ जानेवारीला आजीने किंवा गावी राहिलेल्या भावकीने उठून त्याची आठवण द्यावी. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणतो, बदलून गेले तरी तो कागद आजीच्या पेटीत राहील.