'वैमानिकाची चूक' म्हणजे कोणाची?

विमान अपघाताचा चौकशी अहवाल यायला वर्ष-दोन वर्षे लागतात. तोवर लोक विसरलेले असतात. मग आतल्या पानावर चार ओळी येतात : अपघाताचे कारण, वैमानिकाची चूक. मीही अशा बातम्या वाचून पान उलटलेले आहे. अमेरिकेतील ॲस्पेनच्या अपघाताचा अहवाल वाचला, तेव्हा मात्र हे दोन शब्द फार अपुरे वाटले.

ॲस्पेन हे कोलोरॅडोच्या डोंगरांतले, बर्फावर खेळायला जाणाऱ्या श्रीमंतांचे गाव. विमानतळ सुमारे ७,८०० फुटांवर, भोवती शिखरे. २९ मार्च २००१ रोजी संध्याकाळी लॉस एंजेलिसहून भाड्याचे एक गल्फस्ट्रीम जेट १५ प्रवासी घेऊन तिकडे निघाले. प्रवासीच उशिरा आले, त्यामुळे उड्डाण चाळीस मिनिटे लांबले. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने तिथे अशा जेटला उतरायला बंदी होती. हाताशी जेमतेम बारा मिनिटे उरली. विमान दुसरीकडे न्यावे लागेल हे कळताच भाडे भरणारे गृहस्थ संतापले आणि त्यांच्या माणसाने कंपनीला फोन केला. ग्राहकाने जेवणावळीवर बराच पैसा खर्च केला आहे, तेव्हा ॲस्पेनलाच उतरणे महत्त्वाचे, असे कॅप्टन बोलल्याची नोंद आहे. शेवटच्या टप्प्यात एक प्रवासी कॉकपिटमधल्या जादा आसनावर येऊन बसला होता.

ढगांतून उपकरणांच्या आधारे उतरणे हे डोळे बांधून जिना उतरण्यासारखे आहे. जमिनीवरचे रेडिओ केंद्र दिशा आणि अंतर सांगते. त्या त्या अंतरावर ठरलेल्या उंचीपर्यंतच खाली यायचे. शेवटची एक पायरी असते. तिथे धावपट्टी दिसली तर पुढे उतरायचे, नाही दिसली तर मुकाट्याने वर निघून जायचे. ॲस्पेनला ती पायरी १०,२०० फुटांवर, म्हणजे विमानतळाच्या सुमारे २,४०० फूट वर होती. बर्फ पडत होते, अंधार झाला होता. पुढचे विमान धावपट्टी न दिसल्याने परत फिरल्याचे या वैमानिकांना कळले होते. तरीही ते पायरीखाली गेले. धावपट्टी पाऊण किलोमीटर उरली असताना विमान डोंगरउतारावर आदळले. अठराही जण गेले.

चूक वैमानिकांचीच, असे अहवालही म्हणतो. पण तो तिथे थांबत नाही. ग्राहकाच्या दबावाचा तो स्पष्ट उल्लेख करतो. रात्री या पद्धतीने उतरू नये, ही दोनच दिवस आधी निघालेली सरकारी सूचना संदिग्ध होती आणि ॲस्पेनच्या टॉवरपर्यंत पोचलीच नव्हती, हेही नोंदवतो.

एकदा लग्नाला जाताना आंबोली घाटात दाट धुके लागले. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, थोडं थांबू या." मी म्हणालो, "जाऊ द्या हो हळूहळू, मुहूर्त चुकेल." आम्ही पोचलो. काही झाले असते तर पंचनाम्यात त्याचेच नाव आले असते.

आपल्याकडे निवडणुकीच्या दिवसांत पुढारी छोट्या विमानांतून आणि हेलिकॉप्टरांतून दिवसाला तीन-तीन सभा करतात. मंडपात लोक ताटकळलेले असतात, आणि कित्येक ठिकाणी धावपट्टीवर उपकरणांची मदत नसते. तिथे 'आज उतरता येणार नाही' हे सांगायचे पगारी वैमानिकाने. प्रवाशाने आकाशात असताना ना त्याच्याशी, ना कंपनीशी याविषयी एक शब्द बोलावा, असे करारातच लिहिलेले असावे असे मला वाटते.

अर्थात विमानाचा मालक स्वतःच वैमानिक असला तर करार कोणाशी करणार? दोनदा मोटार शर्यतींचे जगज्जेते झालेले ग्रॅहम हिल २९ नोव्हेंबर १९७५ च्या रात्री आपले पायपर ॲझ्टेक विमान चालवत फ्रान्सहून लंडनजवळच्या एल्स्ट्रीला परतत होते. धुके होते. एल्स्ट्रीला उपकरणांनी उतरण्याची सोय नव्हती, आणि उपकरणांवर विमान चालवण्याच्या हिल यांच्या परवान्याची मुदत संपली होती. विमान अलीकडच्या गोल्फ मैदानावर कोसळले आणि सहाही जण गेले. त्यांना घाई करणारे कोणी नव्हते. घर विमानतळापासून थोड्याच मैलांवर होते.