पेटी बांधताना काय वगळावे?

घरच्या घरी आर्केड खेळाची पेटी बांधू पाहणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो खर्चाचा. आमच्या मते हा प्रश्न मुळात संहितेचा आहे. मूळ कृतीतले काय राखायचे आणि काय सोडायचे, हा जुन्या पोथीच्या संपादकापुढचा पेच इथे प्लायवूड आणि करवत हाती घेऊन सोडवावा लागतो.

निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने १९९७ साली 'मेम' ही प्रणाली प्रसिद्ध केली आणि जुन्या यंत्रांवरचे खेळ साध्या संगणकावर चालू लागले. एकाच पेटीत हजारो खेळ मावतात, म्हणून ते कोंबले जातात. मग दोन दांड्या आल्या, डझनभर बटणे आली, रुंद पडदा आला. खर्च वाढतो आणि हाती राहते ते केवळ संकलन; त्यातली एकही कृती आपल्या घरात नसते.

त्यापेक्षा एकच खेळ निवडावा. नामको कंपनीचा, तोरू इवातानी यांनी रचलेला 'पॅकमॅन' (१९८०) घ्या. त्याला एक दांडी पुरते. खेळताना बटण लागतच नाही. त्याचे चित्र उभे, २२४ बाय २८८ ठिपक्यांचे. म्हणजे अडगळीतला जुना चौकोनी मॉनिटर उभा करून बसवला की काम भागते. दांडी मात्र चार दिशांचीच हवी. आठ दिशांची दांडी हात तिरका जाऊ देते आणि नेमक्या वळणावर पॅकमॅन अडखळतो. पैसे वाचवायचे ते रंगकामात वाचवावेत, दांडीत नव्हे.

काटकसर ही या कलेला परकी नाही. तोमोहिरो निशिकादो यांच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये (१९७८) शत्रू कमी होतात तसा त्यांचा वेग वाढतो. याचे कारण असे की, चितारायचे कमी उरले की प्रोसेसर ते लवकर उरकतो. निशिकादोंनी हे वैगुण्य तसेच ठेवले आणि त्यातूनच खेळाचा ताण निर्माण झाला.

हेच खेळ मोबाइलवर खेळता येत असताना पेटीचा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. संहिता तीच राहते हे खरे; वाचन मात्र तेच राहत नाही. हे खेळ नाण्यासाठी रचलेले होते. प्रत्येक मरणाला किंमत होती, म्हणून प्रत्येक वळणाला अर्थ होता. घरी एक बटण दाबले की हवे तितके जन्म फुकट मिळतात आणि भुतांची भीती उरत नाही.

म्हणून आमचा आग्रह एवढाच, की बाकी सारे वगळले तरी नाण्याची फट वगळू नये. यंत्रणा परवडत नसेल तर पेटीवर साधा गल्ला ठेवावा, खेळण्याआधी त्यात एक रुपया टाकावा, आणि तीन जीव संपले की निमूटपणे उठावे.