इंजिनाचा नंबर घासू नका

दुसऱ्या महायुद्धातली मोटारसायकल विकायला निघाली की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, ‘नंबर मॅचिंग आहेत का?’, म्हणजे इंजिनाचा आणि फ्रेमचा नंबर जुळतो का. या प्रश्नापायी काही ठिकाणी इंजिनावरचा मूळ नंबर कानशीने घासून तिथे दुसरा पंच केला जातो. रिस्टोरेशनचे काम करणाऱ्या प्रत्येकाने याला ठाम नकार दिला पाहिजे, कारण हा प्रश्नच सगळ्या गाड्यांना लागू पडत नाही.

बीएसए एम२० घ्या. ४९६ सीसीची, साइड-व्हाल्व्ह इंजिनाची ही गाडी ब्रिटिश सैन्यासाठी सव्वा लाखाच्या आसपास बनली. युद्धकाळातल्या इंजिनावर आणि फ्रेमवर ‘डब्ल्यूएम२०’ अशी सुरुवात दिसते, पण पुढचे आकडे कारखान्यातून निघतानाच वेगवेगळे असत. त्यामुळे दोन्ही नंबर तंतोतंत जुळणारी एम२० समोर आली, तर आधी पंचिंग तपासावे.

हार्ले-डेव्हिडसन डब्ल्यूएलएची गोष्ट निराळी. तिच्या फ्रेमवर नंबरच नसे; गाडीची ओळख इंजिनावर. अमेरिका युद्धात उतरल्यानंतर बनलेल्या इंजिनांचे नंबर ‘४२डब्ल्यूएलए’ने सुरू होतात, मग ते इंजिन १९४४ चे का असेना. तेव्हा ‘४२’ पाहून गाडी १९४२ ची ठरवू नये. क्रँककेस उलटी करून तळाचे नंबर पाहावेत. दोन्ही अर्ध्या भागांवर एकच नंबर असेल, तर केस मूळ जोडीची आहे. मॅचलेस जी३/एलच्या इंजिनावर मात्र नंबराआधी साल असते. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. एकीचा नियम दुसरीला लावला की निदान चुकते.

त्यात लष्करी वर्कशॉपचा भाग मोठा. गाडी लवकर कामावर परत जावी म्हणून ओव्हरहॉल केलेले दुसरे इंजिन बसवले जाई. ब्रिटिश सैन्यात गाडीची नोंद टाकीवर रंगवलेल्या, ‘सी’ने सुरू होणाऱ्या नंबरावर चाले. इंजिन बदलले तरी गाडी तीच राही. असे बदललेले इंजिन म्हणजे त्या गाडीच्या सेवेचा पुरावा आहे.

म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी नंबराची जागा रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करा. तिथे वायर-व्हील किंवा सँडब्लास्टिंग नको. बॅटरीचा उजेड तिरपा पाडून फोटो घ्या, आरटीओसाठी घेतो तशी पेन्सिल प्रिंट घ्या. आकड्यांची खोली, वळण, ओळ पाहा. आजूबाजूच्या कास्टिंगचा खरखरीतपणा जाऊन तेवढाच भाग गुळगुळीत झाला असेल, तर तिथे कानस फिरली आहे. वर्कशॉपचे जादा शिक्के आणि खोडून पुन्हा मारलेले जुने आकडेही जसेच्या तसे नोंदवा.

भारतात २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते. या नोंदणीत गाडीचे मूळपण बघितले जाते, त्यामुळे बनावट पंचिंगचा मोहही वाढेल. आपल्या हातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीसोबत नंबरांचे फोटो आणि पेन्सिल प्रिंट मालकाला द्या. नंबर जुळत नसतील तर बिलावर तसे स्पष्ट लिहा. आणि कोणी पंच घेऊन आला, तर ते काम घेऊ नका.